ओला सूर

१

सकाळी देव्हाऱ्यात पहिल्या वाफेचा भात ठेवायचा, पितळी वाटीवर एक टोला द्यायचा, त्याचा नाद पुरता विरेपर्यंत हात जोडून बसायचं, आणि मग फडकं घेऊन मागच्या खोलीकडे वळायचं. हात्सुएचा हा क्रम लग्न होऊन या घरात आली तेव्हापासूनचा.

त्या वाटीचा सूर तिच्या नवऱ्याने लावलेला होता. योशितोकी मुरोईचं कामच ते. ताकाओका शहरातल्या ओतकामाच्या कारखान्यात भट्टीतून निघालेल्या देव्हाऱ्याच्या वाट्या त्याच्यापुढे येत. तो एकेक कानाशी धरी, टोला देई, आणि ती सूर धरेपर्यंत काठाला हातोडीचे हलके ठोके देत राही. वाटी कशी वाजते असं विचारलं तर तो 'चांगली' किंवा 'वाईट' म्हणत नसे. ही पेजेसारखी आहे, ही कच्च्या आलुबुखारासारखी, ही काल उरलेल्या भातासारखी, असं काहीतरी खाण्यातलं म्हणे. नवी नवरी असताना हात्सुएला वाटायचं, या माणसाला सारखी भूकच लागलेली असते.

आता त्याला भूकच नव्हती. आदल्या वर्षी घशात गाठ निघाली. किरणांनी ती जाळली. डॉक्टरांनी हसून सांगितलं, बरे झालात. पण गाठीबरोबर तोंडातली लाळही जळून गेली. जीभ चामड्यासारखी झाली. भात भुशासारखा लागे, मासा कागदासारखा. पाण्याच्या घोटाबरोबर दोन घास कसेबसे उतरत, तिसऱ्याला तो मान हलवून वाटी पुढे सरकवी. पट्ट्याला नवी भोकं पाडायची वेळ आली होती. हात्सुएने करुणेच्या देवीला, कान्नोनला, नवस बोलला होता: यांच्या तोंडाला चव येईपर्यंत चहा पिणार नाही. सासरच्या पंथात असल्या नवसांना मान नव्हता, पण ती माहेरची चाल होती आणि तिने ती गुपचूप पाळली होती. गरम पाण्याचा पेला ओठाला लावताना तिला रोज वाटे, आज नाही तर उद्या. देव उशीर करतो, पण विसरत नाही.

मागच्या खोलीत योशितोकीचा दुसरा संसार होता. काचेचे दिवे पेटणारा अँप्लिफायर, दगडी फरशीवर बसवलेला रेकॉर्ड प्लेअर, आणि छातीएवढे उंच दोन स्पीकर. स्पीकर नवे नव्हते. शरदात बंदराकडचं कुणाचं तरी घर रिकामं होत होतं, तिथून जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याने आणून दिलेले. ते आल्यापासून तो त्यांना मुरवत होता. लोणचं मुरतं तसा स्पीकरही मुरावा लागतो, रोज वाजवल्याशिवाय त्याचा सूर मऊ होत नाही, असं या छंदातले सगळेच मानतात.

त्या सकाळी हात्सुएने डाव्या स्पीकरच्या पुढच्या कापडावरून फडकं फिरवलं आणि हात थांबला. कापड मधोमध ओलं होतं. तळहाताएवढी ओल, कोमट. बाहेर बर्फ वितळत होतं, घराच्या भिंतींनाही दमटपणा होता, तेव्हा ओल कुठूनही आली असेल. तिने फडकं नाकाशी नेलं, घर सांभाळणारी बाई नेते तसं, सहज.

तोंड उघडं टाकून झोपणाऱ्या माणसाच्या उशीचा वास येत होता.

२

त्या रविवारी दुपारी मंडळी आली. मंडळी म्हणजे दोघंच. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेले इवाबुची गुरुजी आणि दातांचे डॉक्टर कुनिमोतो. गुरुजी काडीसारखे, बोलणं तोलूनमापून. डॉक्टर गोल, घामट, थट्टेखोर. आळीपाळीने एकमेकांच्या घरी बसून ऐकायचं, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ होता.

त्यांच्यात एक रिवाज होता. ऐकणं संपलं की यजमान मान खाली घालून बसे. तो काही विचारत नसे. मग पाहुण्यांनी त्याच्या यंत्राच्या सुराला एकेक शब्द द्यायचा, सर्वांत वडीलधाऱ्याने शेवटी. आणि वाईट शब्द द्यायचा नाही. सूर कर्कश असला तर म्हणायचं, काठ स्वच्छ आहेत. घुमत असला तर म्हणायचं, पाया भक्कम आहे. एकदा डॉक्टरांच्या यंत्रातून सबंध दुपार घरघर येत होती, तेव्हा गुरुजींनी फार विचार करून सांगितलं होतं की यंत्राला ऋतूची जाण आहे, भातखाचरातले बेडूक आठवले. त्यावर स्वतः डॉक्टरच डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते, आणि घरी गेल्यावर तारा बदलल्या होत्या. ज्याला कळायचं त्याला कळतं. तोंडावर कुणी कुणाला दुखवत नाही.

योशितोकीने एका बाईच्या गाण्याची जुनी रेकॉर्ड लावली. हात्सुए रताळ्याच्या वड्यांचं ताट घेऊन दाराशीच बसली होती. गाणं सुरू होण्याआधी ओठ विलग झाल्याचा आवाज आला. चप्. मग जीभ टाळूवरून सुटल्याचा. आवाज इतका जवळचा होता की तिने मान मागे घेतली. गाणारीने माईक तोंडाशी धरला असेल, असं तिने मनाला सांगितलं. ओळीओळीच्या मध्ये ते तोंड काहीतरी चघळत होतं, चोखत होतं, लाळ गोळा करून गिळत होतं.

दुसरी रेकॉर्ड पियानोची होती.

पियानोला ओठ नसतात. तरी प्रत्येक सुराच्या आधी ते उघडले. चप्.

हात्सुएच्या घशाशी आंबट आलं. तिने पाहुण्यांकडे पाहिलं. गुरुजींचे डोळे मिटलेले होते. डॉक्टर स्पीकरकडे टक लावून बघत होते, मान किंचित कलती, रोग्याच्या जबड्यात आरसा घालून बघताना असते तशी.

रेकॉर्ड संपली. योशितोकीने मान खाली घातली.

डॉक्टरांना आज शब्द सापडायला वेळ लागला. शेवटी ते म्हणाले की झाकण नुकतंच काढलेल्या भाताच्या वाफेसारखा सूर आहे. एरवीसारखं स्वतःच्या शब्दावर हसले नाहीत. गुरुजींनी डोळे उघडले. मग म्हणाले, "ओला. जिवंत ओला."

योशितोकीने कपाळ चटईला टेकवलं. वर आला तेव्हा त्याच्या खप्पड गालांवर रंग होता. आजारपणानंतर पहिल्यांदाच. तो रंग पाहिला आणि हात्सुएने आपल्या घशातलं आंबट मुकाट्याने गिळून टाकलं.

३

तरी संध्याकाळी तिने विचारलंच. अहो, त्या गाण्यामागे तुम्हालाही काही ऐकू येतं का?

त्याला प्रश्नाचा राग आला नाही, उलट तो खुलला. तो म्हणाला की तोच तर सूर आहे. कोरडी वाटी मेलेली असते. आयुष्यभर पितळातून जी ओल काढायला धडपडलो, ती या लाकडी खोक्यांत आयती मिळाली. मग आवाज उतरवून, चोरटं गुपित सांगावं तसं म्हणाला, "अगं, यांच्यासमोर बसलं की माझ्या जिभेखाली थेंब येतो."

आणि लहान मुलासारखी जीभ बाहेर काढून दाखवली. टोकाशी खरंच ओल चमकत होती.

हात्सुए त्या जिभेकडे पाहत राहिली. किती महिने त्या तोंडात ओल यावी म्हणून तिने देवीपुढे हात पसरले होते. तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्या आनंदाला त्या फडक्याचा वास होता.

दुसऱ्या दिवसापासून तो जेवणाचं ताट मागच्या खोलीत मागू लागला. ऐकत ऐकत दोन घास जास्त जातील, असं त्याचं म्हणणं. तिने भात, मिसोचं सार, मऊ शिजवलेला मुळा असं ताट नेऊन ठेवलं आणि दार ओढून घेतलं. थोड्या वेळाने ताट बाहेर आलं ते रिकामं. वाटीला एक शीत नाही. सार तळापर्यंत संपलेलं.

त्या दुपारी हात्सुए देवळात जाऊन आली. बर्फाच्या चिखलात पाय भिजले त्याचं तिला भान नव्हतं. देवीपुढे ती फक्त आभार म्हणत राहिली.

४

ताटं रिकामी येत राहिली आणि योशितोकी वाळत राहिला.

नव्या भोकांपाशीही पट्टा सैल पडला. मनगटाची हाडं बाहेर आली. वजन हळूहळू येतं, असं हात्सुए स्वतःला समजावी. अंगाला अन्न लागायला वेळ लागतो. पण तपासणीच्या दिवशी घशाच्या डॉक्टरांनी वजनकाट्याकडे दोनदा पाहिलं आणि तिला बाजूला घेऊन सांगितलं की असंच उतरत राहिलं तर इस्पितळात ठेवून नळीने अन्न द्यावं लागेल, आणि या अंगाला तेही कितपत सोसेल, सांगता येत नाही. तिने ताटांचं सांगितलं. डॉक्टरांना ती नवऱ्याची बाजू सांभाळते आहे असं वाटलं असावं.

आणि तो आवाज. आता तो स्वयंपाकघरापर्यंत येई. कोणतीही रेकॉर्ड असो, सतार असो की घंटा, तिच्याखाली जेवण चाले. घास तोंडात घोळवण्याचा पचपच आवाज, दातांच्या फटीतून काहीतरी ओढून काढण्याचा, सार सुर्रकन ओढून मग टाळूला जीभ चिकटवून सोडण्याचा. योशितोकी कारखान्यातला माणूस खरा, पण जेवताना त्याचा कधी आवाज येत नसे. हात्सुए मुळा चिरता चिरता थांबे, मोरीशी जाई आणि कोरडे उमासे देऊन परत येई. तिचंही अन्नावरचं मन उडालं. स्वतःचा घास चावताना कानात तो आवाज येई आणि आपल्याच तोंडाची शिसारी येई.

एके सकाळी तो न्हाणीत असताना तिने स्पीकरचं कापड काढलं. चौकट खुंट्यांवर बसवलेली असते, ओढली की निघते. कापड आतून पिवळं पडलं होतं, ओलीची कड वाळून वाळून पापुद्रे झालेले. मागचा कागदी पडदा कोरडा, ताठ असायला हवा. तो मऊ होता. बोट लावलं तर दबला, आणि बोटाला तार सुटली. पडद्यावर आडव्या वळ्या होत्या, आपल्या टाळूला जीभ लावली की लागतात तशा.

वळ्यांच्या मध्ये भाताची शितं चिकटलेली होती. चावलेली.

उंदीर, ती मोठ्याने म्हणाली. उंदीरच. चौकट बसवून ती बाहेर आली आणि मिठाने हात चोळत बसली, कातडी लाल होईपर्यंत. मग खरंच जाऊन उंदरांचा पिंजरा आणला, आत तळलेला टोफू लावला आणि स्पीकरमागे ठेवला. पिंजऱ्याकडे कुणी फिरकलं नाही.

५

खरं तर तिने डोकावायला नको होतं. पण बाई स्वयंपाक करते ती घास कुणाच्या पोटात जातो हे बघायलाच.

भर दुपार होती. खोलीत ऊन आलं होतं. सरकत्या दाराच्या फटीतून तिला योशितोकी पाठमोरा दिसला, गुडघे मोडून बसलेला. ताट त्याच्यापुढे नव्हतं. डाव्या स्पीकरपुढे होतं, देवाला ठेवावं तसं, चॉपस्टिक्स आडव्या मांडून. गाणं चालू होतं आणि गाण्याखाली जेवण.

रेकॉर्ड संपली. सुई नुसती खरखरत राहिली. पण जेवण थांबलं नाही. शेवटचा घास चावला गेला, सावकाश, चवीने. मग गिळल्याचा आवाज आला. त्या आवाजाबरोबर योशितोकीचा कंठमणी वर गेला आणि खाली आला, आणि त्याच्या तोंडातून समाधानाचा एक श्वास सुटला.

"छान झालंय आज," तो म्हणाला.

तो वळला तेव्हा ती दारामागे भिंतीला टेकून उभी होती. त्याने ताट तिच्या हातात दिलं. वाटी रिकामी होती. काठावर लाळेची जाड रेघ होती, बुळबुळीत, ऊन पडून चमकणारी. आणि चॉपस्टिक्स कोरड्या होत्या.

तिने ती वाटी धुतली नाही. अंगणात नेली, दगडावर फोडली आणि तुकडे बर्फात पुरले.

६

तिचं ऐकून तो ते स्पीकर हलवणार नव्हता, हे तिला ठाऊक होतं. तिने हात लावला असता तर तो उरलासुरला जीवही सोडून बसला असता. पण सुराच्या बाबतीत तो गुरुजींचा शब्द मानत असे. म्हणून ती गुरुजींच्या घरी गेली. उंबऱ्याशी बसून, जमेल तेवढं झाकून, जमेल तेवढं सांगितलं. ती वाट बघत होती की ते म्हणतील, होय, मीही ऐकलंय. गुरुजींनी तिच्यापुढे उशी सरकवली, थंडीची चौकशी केली, आणि म्हणाले की ओल हा त्या सुराचा गुण आहे. प्रत्येक घराचा सूर वेगळा असतो. निघताना मात्र त्यांनी तिला फाटकापर्यंत पोचवलं, जे ते कुणासाठी करत नसत.

पुढचा रविवार पुन्हा हात्सुएच्याच घरी होता. गुरुजींनी आपल्या घरची बैठक पुढे ढकलली होती, आणि डॉक्टर कुनिमोतो इथेच यायला लगेच तयार झाले होते. योशितोकी भिंतीला टेकून बसला होता. शर्टाच्या गळपट्टीत मान खुंटीसारखी दिसत होती. त्याने व्हायोलिनची रेकॉर्ड लावली.

व्हायोलिन आता नावापुरतं होतं. खोलीभर कुणीतरी ओठ चाटत होतं. माणसं आत आल्याचं त्याला कळलं होतं. लाळेचा घोट, मग हुंगल्यासारखा श्वास, डावीकडून, कोमट. कापड हललेलं हात्सुएने पाहिलं. कुजलेल्या फुलांच्या पाण्यासारखा वास आला. डॉक्टरांनी रुमाल काढला आणि कपाळ पुसण्याच्या निमित्ताने नाकावर धरला.

रेकॉर्ड संपली. योशितोकीने मान खाली घातली. त्याला ती पुन्हा वर उचलता येईल का, असं तिला वाटून गेलं.

डॉक्टर म्हणाले, "रसाळ." शब्द त्यांच्या तोंडातून कसाबसा निघाला.

गुरुजींची पाळी होती. त्यांनी हात्सुएकडे पाहिलं. मग म्हणाले, "आज शेवटचा शब्द वहिनींनी द्यावा."

असं कधी झालं नव्हतं. घरच्या बाईला शब्द विचारत नसत. योशितोकीने आश्चर्याने तिच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात इतकी आस होती की तिचं काळीज तुटलं. तिच्या ओठावर गोड शब्द आला. उभ्या जन्मात तिने कुणाच्या वस्तूला वाईट म्हटलं नव्हतं, मग स्वतःच्या नवऱ्याच्या जिवापाड जपलेल्या सुराला?

तिने दोन्ही हात चटईवर टेकले.

"किळस येते," ती म्हणाली. "घाणेरडा आहे तो. मला ओकारी येते त्याची. माझ्या घरातून तो जावा."

मग गुरुजी, खालमानेनेच, म्हणाले, "मलाही. पहिल्याच रविवारी."

"अहो, मी तर घरी जाऊन दोनदा दात घासले," डॉक्टर म्हणाले. बोलायला तोंड फुटल्यावर त्यांना थांबवेना. "वरची डावी दाढ नाही त्या तोंडाला. पहिल्याच दिवशी लक्षात आलं माझ्या. खड्ड्यात घास अडकतो आणि जिभेने तो काढतं, सारखं. मुरोई-सान, तुमची बत्तीशी मी वर्षानुवर्षं बघतोय, शाबूत आहे. हे तुमचं नव्हे. पण कसं बोलायचं? तुमच्या घरी बसून, तुमच्या सुराला?" आणि त्या गोल, थट्टेखोर माणसाचा आवाज भरून आला.

योशितोकीने हात लांब करून सुई पुन्हा रेकॉर्डवर ठेवली.

व्हायोलिन वाजलं. नुसतं व्हायोलिन. लाकूड, तात, घोड्याच्या शेपटीचा केस. ओठ नाहीत, जीभ नाही. डाव्या स्पीकरचं कापड सपाट, निपचित होतं. गुरुजी उठून जवळ गेले, तळहात लावून पाहिला आणि म्हणाले की कोरडं आहे. अगदी कोरडं. डॉक्टरांनी खिडकी उघडली. बर्फाचा स्वच्छ वारा आत आला. हात्सुए तोंडावर पदर धरावा तशी बाही धरून रडत होती, आणि देवी, देवी एवढंच म्हणत होती.

७

"अगं," योशितोकी म्हणाला.

आजारापासून त्याचा आवाज घोगरा होता, वाळूवरून काहीतरी ओढत न्यावं तसा. आता तो मोकळा होता, भरलेला. तिने मान वर केली. त्याच्या गालांवर रंग आला होता. ओठ ओले होते.

"भात आहे का?"

गुरुजींनी हात जोडले. डॉक्टर हसायला लागले, रडता रडता. हात्सुए धावतच स्वयंपाकघरात गेली. दुपारचा भात अजून गरम होता. तिने वाटी शिगोशीग भरली, वर खारवलेला मुळा ठेवला, आणि भाताच्या भांड्यासकट मागच्या खोलीत आणून ती त्याच्या हातात दिली. देवीने ऐकलं होतं. उशिरा, पण ऐकलं होतं.

त्याने घास घेतला. चावला. दुसरा घेतला. किती महिन्यांनी तिने त्याच्या जबड्याचा स्नायू हलताना पाहिला. तो भराभर खात होता, वाटीवर वाकून. तिसऱ्या घासाला तिला आवाज आला. चौथ्याला डॉक्टरांचं हसू थांबलं.

तो फक्त उजव्या बाजूने चावत होता. मध्येच थांबे, जीभ वर डावीकडे नेई, आणि भरलेल्या गालाआड काहीतरी चोखून काढी. सावकाश, चवीने. चप्.

डॉक्टर कुनिमोतो उठले. त्यांनी टोपी शोधली नाही. गुरुजींनी निघताना हात्सुएच्या खांद्याला क्षणभर हात लावला आणि दार ओढून घेतलं.

योशितोकीने रिकामी वाटी पुढे केली. वाटीमागे त्याचे डोळे होते. ते त्याचेच होते, दमलेले आणि इतके दिवसांच्या भुकेने पाणावलेले. आणि त्यांच्याखाली ते तोंड वाट बघत होतं.

मनगट काठीसारखं बारीक झालेलं होतं. वाटीचंही ओझं त्याला पेलत नव्हतं.

हात्सुएने वाटी घेतली. भाताकडे तोंड वळवून तिने श्वास रोखला, आणि त्याला वाढलं.